दिवसाचं माहेर

पत्र असं आहे :

"ताई, नमस्कार. मी राधानगरी तालुक्यातल्या एका हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवते. दोन वर्षांपासून दारातल्या दिनविशेष फलकाचं काम माझ्याकडं आहे. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर जे येतं, त्यातल्या दोन-तीन ओळी मी फलकावर लिहिते. यंदा २७ फेब्रुवारीला मोठ्या अक्षरात 'मराठी राजभाषा दिन' लिहिलं. आमच्या शाळेतले एक निवृत्त गुरुजी पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी भाषणातच, सगळ्या मुलांपुढं, फलक चुकलाय म्हणून सांगितलं. मला फार लागलं. गेल्या दिवाळीतही असाच घोळ झाला होता. फोनमध्ये लक्ष्मीपूजन एका दिवशी आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात दुसऱ्या दिवशी. आता मुख्याध्यापकांनी येत्या शैक्षणिक वर्षाचे सण, आरोग्य दिन आणि वारशाचे दिवस यांचा तक्ता करायला सांगितलाय. खात्रीची संकेतस्थळं कुठली? आणि खरं सांगू का, आरोग्य दिनाचं लिहिलेलं मुलं वाचतच नाहीत. त्याला काय करावं?"

प्रिय बाई,

आपल्याकडं शिक्षिकेला बाईच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. आधी २७ फेब्रुवारीचं बोलू, कारण ते तुमच्या मनात अजून सलतंय. गुरुजींचं म्हणणं बरोबर होतं. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, १९१२ सालचा, आणि तो 'मराठी भाषा गौरव दिन'. 'मराठी राजभाषा दिन' येतो १ मेला. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून ३ ऑक्टोबर हा 'अभिजात मराठी भाषा दिवस' झाला. एका भाषेचे तीन दिवस आहेत आणि तिघांची नावं वेगळी. तुमच्यासारखीच कितीतरी शिकलीसवरलेली माणसं इथं घसरतात. मात्र गुरुजींनी ते भर सभेत न सांगता नंतर चहा पिताना सांगायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

मीही यातून गेले आहे. २७ वर्षं मी एका हायस्कुलाचं ग्रंथालय सांभाळलं. एका स्वातंत्र्यदिनाला मी प्रदर्शनात एक कार्ड लावलं होतं : 'युनेस्कोने आपले राष्ट्रगीत जगात सर्वोत्कृष्ट ठरवले.' आठवीतली एक मुलगी बराच वेळ त्या कार्डापुढं उभी होती. मग माझ्या टेबलाशी येऊन तिनं विचारलं, "बाई, हे त्यांनी कुठं लिहिलंय?" आम्ही दोघी कॉम्प्युटरवर बसलो, युनेस्कोच्या संकेतस्थळावर तासभर शोधलं. काहीच नव्हतं, कारण युनेस्कोनं असं कधी ठरवलेलंच नाही. त्या पोरीसमोर मी कार्ड काढलं आणि ते तिच्याच हातात दिलं. त्या दिवसापासून एकच सवय लावून घेतली. कुठलाही दिवस आला की आधी त्याचं माहेर शोधायचं. हा दिवस कुणी ठरवला? ज्यानं ठरवला त्याच्याच दारात जाऊन विचारायचं, शेजाऱ्याला विचारायचं नाही. तुमच्या तक्त्याला एवढी एक सवय पुरते.

आता ही माहेरं कुठली, ते सांगते.

शाळेसाठी सगळ्यात कामाचं म्हणजे राज्य शासनाचं संकेतस्थळ, महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन. तिथं सामान्य प्रशासन विभागाचे दोन कागद शोधा. एक, सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना. दुसरा फारसा कुणाला माहीत नसतो : राष्ट्रपुरुष आणि थोर व्यक्तींच्या जयंत्या व राष्ट्रीय दिन सरकारी कार्यालयांतून कुठल्या तारखांना साजरे करायचे, याचं दरवर्षी निघणारं परिपत्रक. हे हाताशी असलं की निम्मा तक्ता तयार झालाच म्हणून समजा. सुट्टी बदलल्याचा निरोप आला तर मूळ आदेश उघडून शेवटपर्यंत वाचा. २०२५ मध्ये ईद-ए-मिलादची सुट्टी ५ सप्टेंबरवरून ८ सप्टेंबरला नेली होती, पण ती फक्त मुंबई शहर आणि उपनगर या दोन जिल्ह्यांपुरती. 'सुट्टी बदलली' एवढंच पुढं ढकललं की बाकीच्या जिल्ह्यांतले लोक विनाकारण गोंधळतात. स्थानिक सुट्ट्यांसाठी कोल्हापूर जिल्ह्याचं सरकारी संकेतस्थळ आहे, आणि शाळेच्या सुट्ट्यांसाठी जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाची यादी तुमच्या कार्यालयात असतेच.

सणांचं मात्र थोडं सविस्तर सांगते, कारण खरी अडचण तिथं आहे.

२०२५ च्या दिवाळीत अमावास्या २० ऑक्टोबरला दुपारी लागली आणि २१ ला संध्याकाळपर्यंत राहिली. केंद्र सरकारच्या यादीत दिवाळी २० ला होती. महाराष्ट्रातल्या पंचांगांनी आणि राज्याच्या सुट्टीच्या यादीनं लक्ष्मीपूजन २१ ला धरलं. तुमच्या फोननं एक यादी उचलली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरनं दुसरी, एवढीच गोष्ट. त्यामुळं तिथीच्या सणांना फोनचं कॅलेंडर धरू नका. दाते पंचांग किंवा कालनिर्णय घ्या, दोघांची संकेतस्थळंही आहेत. तिथी कशी मोजतात हे मुलांना दाखवायचं असेल तर कोलकात्याच्या पोझिशनल अ‍ॅस्ट्रॉनॉमी सेंटरचं राष्ट्रीय पंचांग बघा. हे केंद्र हवामान खात्याच्या अखत्यारीत आहे आणि पंचांग मराठीतही निघतं. सूर्योदयाच्या वेळा गावागणिक बदलतात, म्हणून ज्या संकेतस्थळावर गाव निवडायची सोय असते तिथं कोल्हापूर निवडायला विसरू नका. बरेचदा तिथं दिल्ली किंवा उज्जैन आधीच भरलेलं असतं.

यंदा आणखी एक लक्षात ठेवा. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्यामुळं पुढचे सगळे सण लांबतात. गेल्या वर्षी २७ ऑगस्टला बसलेले गणपती यंदा १४ सप्टेंबरला येतील आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. गेल्या वर्षीच्या तक्त्यात दहा-अकरा दिवस मागंपुढं करून यंदाचा तक्ता होत नाही.

शिवजयंतीचा प्रश्न मुलं विचारणारच, म्हणून तयार राहा. कोल्हापुरात ती तीनदा होते. शासनाची १९ फेब्रुवारीला, तिथीप्रमाणे फाल्गुन वद्य तृतीयेला, आणि आपल्या पेठांतली परंपरेची वैशाख शुद्ध द्वितीयेला, अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी. तिन्ही तक्त्यावर घ्या आणि प्रत्येकीपुढं ती कशावरून ठरते ते लिहा. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे. आजच्या कॅलेंडरात त्या काळच्या तारखा दहा दिवस पुढं जातात, हे सांगितलं की नववीची पोरं आपणहून बोटं मोजायला लागतात. मी अनुभवलंय.

किरणोत्सवाची गोष्ट याच्या उलटी आहे. अंबाबाईच्या मंदिरात मावळतीची किरणं गाभाऱ्यापर्यंत येतात ती ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारीला. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, असा क्रम. इथं तिथीचा संबंध नाही. सूर्य वर्षातून दोनदा क्षितिजावर त्याच जागी मावळतो, म्हणून इंग्रजी तारीख तीच राहते. ढग आले, हवेत बाष्प-धूळ असली किंवा किरणांच्या वाटेत इमारतीचा कोपरा आला, तर किरणं अडतात. यंदा तर लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवसापासून किरणोत्सव आहे. चंद्रावर चालणारा सण आणि सूर्यावर चालणारा सोहळा एकाच आठवड्यात! भूगोलाच्या सरांना सोबत घ्या आणि त्या आठवड्याचा फलक दोघं मिळून करा.

आता वारसा. १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन स्मारकं आणि वारसास्थळं जपण्याचं काम करणाऱ्या इकोमॉस या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९८२ मध्ये सुचवला आणि युनेस्कोनं १९८३ मध्ये मान्य केला. १८ मे हा संग्रहालय दिन, १९७७ पासूनचा. १९ ते २५ नोव्हेंबर जागतिक वारसा सप्ताह. या तारखा बदलत नाहीत, लिहून टाका. खरं पाहायचं ते युनेस्कोच्या जागतिक वारसा केंद्राचं संकेतस्थळ, डब्ल्यूएचसी डॉट युनेस्को डॉट ओआरजी. त्यावर प्रत्येक स्थळाचं पान आहे, नकाशे आहेत, कुठल्या साली आणि कुठल्या कारणानं यादीत घेतलं ते आहे. मुलांना बसवून दोन पानं उघडा. एक 'मराठा लष्करी स्थापत्य'. ११ जुलै २०२५ ला यादीत आलेले बारा किल्ले, अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. त्यात आपला पन्हाळा आहे. पुसाटी बुरुजाची, तीन दरवाजाची, अंबरखान्यातल्या धान्याच्या कोठारांची ही जागा. शाळेच्या सहली तिथं दरवर्षी जातात, पण आता मुलांनी ते नाव जगाच्या यादीत स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं.

दुसरं पान पश्चिम घाटाचं, २०१२ सालचं. एकूण ३९ जागांच्या त्या यादीत खाली खाली जा. तिथं राधानगरी अभयारण्याचं नाव आहे. बाई, तुमच्याच तालुक्याचं! १९५८ मध्ये दाजीपूरचं हे जंगल राज्यातलं पहिलं अभयारण्य झालं. ज्या रानातून गवा शेतात येतो म्हणून घरात कुरकुर चालते, ते रान जागतिक वारसा आहे हे किती मुलांना ठाऊक आहे? १८ एप्रिलला फलकावर ताजमहाल काढू नका. गवा काढा.

जिल्ह्याच्या इतिहासासाठी महाराष्ट्र राज्याच्या दर्शनिका विभागाचं संकेतस्थळ आहे, त्यावर कोल्हापूरचं गॅझेटियर वाचता येतं. व्यक्ती आणि शास्त्र यांच्या माहितीला मराठी विश्वकोश. राजर्षी शाहूंची जयंती २६ जून, १८७४ चा जन्म, आणि तोच राज्याचा सामाजिक न्याय दिन. स्मृतिदिन ६ मे. २०२२ मध्ये स्मृतिशताब्दीला सकाळी दहा वाजता कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध उभं राहिलं होतं. मी तेव्हा रस्त्यात होते. रिक्षावाले रिक्षा बंद करून खाली उतरले, भाजीवाली तराजू खाली ठेवून उभी राहिली. असा क्षण फलकावर चार ओळींत लिहिला तर मूल थांबून वाचेल.

आणि इथंच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला हात लागतो. आरोग्य दिन मुलं का वाचत नाहीत? कारण ते दिवस त्यांना कुठून तरी लांबून आल्यासारखे वाटतात.

आधी माहेर. जागतिक आरोग्य संघटनेचे स्वतःचे अधिकृत दिवस मोजकेच आहेत : २४ मार्च क्षयरोग दिन, ७ एप्रिल आरोग्य दिन, २५ एप्रिल हिवताप, ३१ मे तंबाखूविरोधी, १४ जून रक्तदाता, २८ जुलै कावीळ म्हणजे हिपॅटायटिस, १ डिसेंबर एड्स, आणि आणखी थोडे. संघटनेच्या संकेतस्थळावर मोहिमांच्या विभागात ते त्या वर्षीच्या विषयासह मिळतात. संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावरही आंतरराष्ट्रीय दिवसांची यादी आहे आणि तिथं ठरावाचा क्रमांक दिलेला असतो, म्हणजे २१ जूनचा योग दिन कुठल्या ठरावानं आला, ते थेट सापडतं. काही दिवस इतर संस्थांचे आहेत. २९ सप्टेंबरचा हृदय दिन वर्ल्ड हार्ट फेडरेशनचा, ४ फेब्रुवारीचा कर्करोग दिन आंतरराष्ट्रीय कर्करोग नियंत्रण संघाचा. तेही खरेच, फक्त विषय आणि माहिती त्या त्या संस्थेकडून घ्या. देशातल्या दिवसांसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालय आणि पत्र सूचना कार्यालय, ज्याची निवेदनं मराठीतही निघतात. तारखा कधीकधी बदलतात, हेही तिथंच कळतं. आयुर्वेद दिन पूर्वी धनत्रयोदशीला असायचा, २०२५ पासून तो २३ सप्टेंबरला पक्का केलाय. जुन्या यादीवरून लिहिणाऱ्याला हे समजणार नाही.

आता हे दिवस आपल्या मातीत रुजवायचे. एक उदाहरण जवळून दाखवते. आषाढात पंचगंगेला नवं पाणी येतं आणि मंगळवारी, शुक्रवारी कोल्हापूरच्या गल्ल्यांतून त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाई देवीची, यात्रा निघते. पोरीबाळी डोक्यावर पाण्याचे कलश घेऊन, पुढं 'पी ढबाक'चं वाद्य, आणि टेंबलाईच्या टेकडीवर जाऊन ते पाणी देवीच्या पायरीवर ओततात. तांबूस, गढूळ, पहिल्या पावसाचं पाणी. माझी आई ते पाणी ओतून आली की घरच्या पिंपातलं पाणी आठवडाभर उकळूनच द्यायची. तिनं कुठला आरोग्य दिन ऐकला नव्हता, पण नव्या पाण्यात जुलाब-कावीळ येते हे तिला ठाऊक होतं. त्या आठवड्याचा फलक असा करा : वर कलश घेतलेली मुलगी, खाली पाणी उकळायची सूचना आणि जलसंजीवनीचं प्रमाण. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. हे लिहून न थांबता वर्गात करून दाखवा. एका मुलाला चमचा सपाट करायला लावा, कारण मीठ जास्त पडलं तर अपाय होतो. मग २८ जुलैचा हिपॅटायटिस दिन आला की मुलं म्हणतील, हे आपल्याला माहीत आहे.

तसंच नागपंचमीला सर्पदंशाचं लिहा. १९ सप्टेंबरला त्याचा आंतरराष्ट्रीय दिवस येतो, पण भांगलणीला गेलेल्या आईच्या पायाशी साप त्याच्या आधीच येतो. करकचून बांधायचं नाही, चीर द्यायची नाही, मांत्रिकाकडं वेळ घालवायचा नाही, १०८ ला फोन करून थेट सरकारी दवाखाना गाठायचा. दिवाळीच्या आधी विज्ञानाच्या बाईंकडून खव्याची चाचणी करून घ्या. खवा थोड्या पाण्यात उकळून गार करायचा, आयोडिनचे दोन थेंब टाकायचे, निळा झाला तर पिठाची भेसळ. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर अशा घरगुती चाचण्यांची पुस्तिकाच आहे. १० ऑक्टोबरच्या मानसिक आरोग्य दिनी बाकी काही लिहू नका, फक्त टेलिमानस या मानसिक आधाराच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरात लिहा आणि आठवडाभर पुसू नका. दहावीचं मूल ते कुणाला न विचारता वहीत उतरवून घेईल. १४ जूनला ई-रक्तकोष हे सरकारी संकेतस्थळ उघडून दाखवा. कुठल्या रक्तपेढीत कुठल्या गटाचं रक्त आहे, हे तिथं बघता येतं.

एक विनंती मात्र आहे. फलकावर घरगुती औषध लिहू नका. मधुमेह अमुक रसानं जातो, असल्या ओळी आरोग्य दिनालाच सगळ्यात जास्त फिरतात आणि शाळेच्या फलकावरची ओळ पालक खरी मानतात. कुणाच्या घरात त्यामुळं गोळ्या बंद झाल्या तर ते आपल्या खडूनं झालेलं असेल.

फलकाच्या उजव्या कोपऱ्यात रोज एक छोटी ओळ ठेवा : 'कुठून घेतलं'. 'राज्य शासन परिपत्रक', 'आरोग्य संघटना', 'दाते पंचांग', एवढंच. ती ओळ आठवड्याला एका मुलाकडं सोपवा, शोधून आणायचं काम त्याचं.

तक्त्यात काही जागा मात्र कुठल्याही संकेतस्थळावरून भरता येणार नाहीत. बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, घ्या. कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठ पौर्णिमेला, मग महाराष्ट्रीय बेंदूर आषाढात. तुमच्या गावात यातला कुठला पाळतात? यंदा अधिक महिना आलाय, तर कर्नाटकी बेंदूर निज, म्हणजे अधिकानंतरच्या, ज्येष्ठातच धरायचा ना? गावच्या देवाची यात्रा कुठल्या तिथीला, जोतिबाच्या चैत्र यात्रेला तुमच्या गावची सासनकाठी कधी निघते, उरूस कधी? हे विचारायला मी तुम्हाला ज्या दारात पाठवणार आहे, ते तुमच्या ओळखीचंच आहे. एका संध्याकाळी वही घेऊन त्या निवृत्त गुरुजींच्या घरी जा. २७ फेब्रुवारीचा विषय तुम्ही काढू नका. ते काढतील, तर म्हणा, "गुरुजी, तुमचं बरोबर होतं. आता हा तक्ता माझ्याबरोबर तपासून द्या." आणि तक्त्याच्या त्या कोपऱ्यात, यात्रांच्या ओळींपुढं, 'कुठून घेतलं' म्हणून त्यांचं नाव लिहा.

तुमची,
ताई